तो पोरगा आणि ते पोरगं

मी फोनवर "एक चांगला माणूस स्वस्तात मिळतोय, घेऊन टाकू या" असं बोलायला लागलो की माझी बायको सुनंदा उठून खिडकी लावते. "अहो, हळू बोला. शेजारच्यांनी पोलिसांना फोन केला तर मी काय सांगू त्यांना?"

शेजारी ओहायोतले, त्यांना कुठलं आलंय मराठी, असं मी तिला दर वेळी सांगायचो. अमेरिकेत मराठी म्हणजे आपल्या घरची कुलूपबंद भाषा, चारचौघांत खुशाल मोठ्यानं बोलावं, कुणाला काही कळत नाही, हा माझा अनेक वर्षांचा ठाम समज. या समजापायी आमच्या क्लबाचं काय झालं ते सांगण्यासाठीच हे लिहितोय.

पोटापाण्यासाठी मी ओहायोतल्याच डब्लिन नावाच्या गावात एका विमा कंपनीत कॉम्प्युटर सांभाळले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्या कंपनीतलं कुणी मला आता ओळखतही नसेल. माझं खरं काम शनिवार-रविवारचं. आमच्या भागातल्या एका छोट्या, खालच्या लीगमधल्या फुटबॉल क्लबासाठी मी खेळाडू शोधतो. इथे फुटबॉलला सॉकर म्हणतात, आणि फुटबॉल म्हणतात ते हातानं खेळतात. मी कोल्हापूरचा, पेठेच्या टीमकडून बॅकला खेळलेला. ते 'सॉकर' माझ्या तोंडात काही बसत नाही.

क्लबाचा मालक रॉन. त्याचा मूळ धंदा घरांच्या छपराला पन्हळी बसवण्याचा आणि साफ करण्याचा. पन्हळीला इकडे गटर म्हणतात. त्यामुळे माझ्या धाकट्या भावानं "आमचा दादा रिटायर झाल्यावर अमेरिकेत गटारवाल्याकडे कामाला लागला" असं सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय. कोल्हापूरला गेलो की लोक मला अजूनही जरा हळुवारपणे विचारतात, "बरं चाललंय ना?"

छोट्या क्लबाचा स्काउट म्हणजे बाजार उठताना भाजी आणायला जाणारा माणूस. ताजं, टवटवीत ते मोठ्या क्लबांनी सकाळीच नेलेलं असतं. पण उरलेलं सगळंच टाकाऊ नसतं. कुणी बुटका म्हणून मागे राहतो, कुणाचा गुडघा दुखावून बरा झालेला असतो, कुणाला लहानपणापासून चुकीच्या जागी खेळवलेलं असतं. प्रत्येकात काही ना काही खोट असणारच. ती कोणती, आणि आपल्याला चालण्यासारखी आहे का, एवढं ओळखायचं. सगळी विद्या यातच आहे.

व्हिडिओवर विश्वास ठेवायचा नाही. एजंट लोक जे व्हिडिओ पाठवतात त्यांत आणि लग्नासाठी काढलेल्या फोटोत फरक नसतो, दोन्हींत माणूस आयुष्यात फक्त एकदाच दिसतो तसा दिसतो. मी चेंडू पायात असताना खेळाडूकडे बघतच नाही. पायातला चेंडू गेला की बघतो. काही जण कमरेवर हात ठेवून उभे राहतात, काही पंचाकडे बघतात, काही आपल्याच गड्यावर ओरडतात. एखादाच मुकाट्यानं उलट पळत सुटतो. आम्हाला तो हवा असतो.

एकदा एक विंगर बघायला गेलो. पहिल्या अर्ध्यात पोरगा नुसता दगड. उठून निघणार होतो, पण माझी कॉफी संपली नव्हती. दुसऱ्या अर्ध्यात तोच पोरगा वाऱ्यासारखा सुटला. पुढच्या मॅचला पुन्हा गेलो, पुन्हा तेच. मग लक्षात आलं, त्याचा बाप मैदानाच्या ज्या बाजूला उभा राहून सूचना ओरडायचा, त्या बाजूला पोरगा आला की गारठायचा. बाजू बदलली की बाप लांब आणि पोरगा मोकळा. बाकीच्या क्लबांनी "सातत्य नाही" म्हणून सोडला होता. आम्ही घेतला. रॉननं बापाला मोठ्या सन्मानानं आमच्या ग्राउंडच्या गेटवर तिकिटं फाडायचं काम दिलं. तिथून मैदान दिसत नाही. बाप अजून खूश आहे, आणि पोरगा दोन्ही अर्ध्यांत पळतो.

माझ्या जोडीला प्रशांत. मूळचा नागपूरचा, नोकरी अर्विंगला, टेक्सासमध्ये. सॉफ्टवेअरवाला आहे, फुटबॉलला पाय लावलेला नाही, पण आकड्यांचं भारी वेड. मी मैदानावरून फोन करायचो, तो घरी लॅपटॉप उघडून बसायचा. आजूबाजूला दुसऱ्या क्लबांचे स्काउट असायचे, म्हणून आम्ही बोलायचो मराठीत. त्यातही वर आणखी सांकेतिक भाषा. दिसायला साधा पण पोट भरणारा, घ्यावाच असा खेळाडू म्हणजे भाकरी. दिसायला मोठा, हात लावला की मोडणारा म्हणजे पापड. आपल्याला परवडणारच नाही असा म्हणजे हापूस. मी फोनवर ओरडायचो, "प्रशांत, आठ नंबर भाकरी रे भाकरी!" आणि शेजारचे गोरे लोक समजायचे की हा गृहस्थ घरी जेवणाचं सांगतोय.

मग आमची माणसं जायला लागली.

मी एक गोलकीपर हेरला, रॉनला पटवला, कागद तयार केले, तेवढ्यात शेजारच्या राज्यातल्या एका मोठ्या क्लबानं त्याला उचलला. योगायोग म्हणून सोडून दिलं. नंतर एक डावखुरा बॅक तसाच गेला. तो तर त्या दिवशी इतका वाईट खेळला होता की त्याच्यात काही आहे हे फक्त मला कळलं होतं. आम्ही संकेत उलटे केले. भाकरी म्हणजे सोडा, पापड म्हणजे घ्या. पुढच्याच महिन्यात आमचा लाडका पापड त्याच क्लबात गेला. प्रशांतनं मग सगळं भाज्यांवर नेलं. पडवळ, घोसाळं, दोडका. मला स्वतःलाच काय बोलतोय ते कळेनासं झालं, पण त्या क्लबाला बरोबर कळत होतं.

मला प्रशांतचाच संशय यायला लागला. सुनंदाजवळ बोललो तर ती म्हणाली, "त्या बिचाऱ्याला कशाला दोष देता? तुमचा आवाज आधी कमी करा." बायको जे पहिल्या दिवसापासून सांगत असते ते शेवटी खरं निघतं हे मला माहीत आहे. पण शेवट यायला वेळ लागतो.

रॉनचा धीर सुटला. तसा गोड बोलणारा माणूस, पण त्या दिवशी शिडीवरून खालीही उतरला नाही. "आणखी एक जरी असा गेला," तो वरूनच म्हणाला, "तर मी एजन्सीकडून तयार नावं घेईन. मग तू आपला घरी बसून टीव्हीवर मॅच बघ."

त्या वेळी माझ्या मनात क्वामे होता. घानाचा, लहानपणी मावशीबरोबर कोलंबसला आलेला. एका गोदामात खोकी उचलायचा आणि रविवारी गोदामवाल्यांच्या टीममधून खेळायचा. कॉलेज नाही, अकॅडमी नाही, व्हिडिओ नाही, म्हणून कुणाच्या नजरेला पडलेला नव्हता. मी त्याला एकदाच पाहिला होता आणि त्यानंतर मला नीट झोप लागली नव्हती. प्रेमात पडल्यासारखंच झालं होतं, खोटं कशाला बोलू. रॉन म्हणाला, पुन्हा एकदा बघ, प्रशांतचं मत घे, मग सही करू. क्वामेची टीम डब्लिनला एका स्पर्धेला येणार होती, तिथे बघायचं ठरलं. त्या स्पर्धेच्या मॅच इंटरनेटवर दिसणार होत्या, म्हणून प्रशांतही घरबसल्या बघणार होता.

सकाळी गेलो. माझ्या पुढच्याच ओळीत एक मुलगी बसलेली. त्याच मोठ्या क्लबाचं जॅकेट, मांडीवर लॅपटॉप, गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव 'केटी'. ही मला गेली दोन वर्षं जागोजागी दिसायची. मेक्सिकोकडची असावी असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. एकदा तर तिच्या पाठीमागे बसून मी प्रशांतला म्हणालो होतो, "ही लॅपटॉपवाली फुटबॉल बघायला येते का इन्कम टॅक्स भरायला, काही कळत नाही."

सकाळच्या मॅचमध्ये एक अवाढव्य सेंटर बॅक होता. वळायचं मनात आणायचा, पण वळणं काही व्हायचं नाही. मी फोनवर म्हणालो, "प्रशांत, हा डिफेंडर नाही रे, आपल्याकडे जेवायला आलेला पाहुणा आहे. निघतो निघतो म्हणतो आणि चपला घालून दारातच तासभर उभा!"

पुढच्या ओळीत कॉफीचा फवारा उडाला. केटी खोकत होती, लॅपटॉप पुसत होती, खांदे गदागदा हलत होते. असं हसू फक्त त्यालाच येतं ज्यानं लहानपणी कोट घालून, घामाघूम होऊन, आईबापांचं दारातलं बोलणं संपायची वाट बघितलेली असते. मी त्या हलणाऱ्या खांद्यांकडे बघत राहिलो आणि डोक्यात एकेक दिवा लागत गेला. गोलकीपर. डावखुरा. पापड. पडवळ!

संतापलो, पण लगेच कोल्हापूरचा कीडाही वळवळला. पोरी, तुला मराठी कळतं काय? मग ऐक आता.

दुपारी क्वामेची मॅच सुरू झाली. मी तिच्या बरोबर मागे जाऊन बसलो आणि प्रशांतला फोन लावला. त्याला नाटकाची काही कल्पना देता आली नव्हती. क्वामेच्याच टीममध्ये टायलर नावाचा एक देखणा फॉरवर्ड होता, केस विंचरून खेळणारा. मी सुरुवात केली. "प्रशांत, हा पोरगा बघ, टायलर! काय उंची, काय रुबाब! ह्याला सोडायचा नाही. हा पोरगा म्हणजे सोनं आहे."

"काका, त्याला बॉल कुठे मिळून राहिला?" प्रशांत म्हणाला. "तो सहा नंबरवाला पाहा ना, कसला जबरदस्त खेळून राहिला!"

सहा नंबर म्हणजे क्वामे. "पापड!" मी ओरडलो. "जुन्या अर्थानं पापड! नुसतं पळतंय ते पोरगं, डोकं नाही काही. बघ, बघ, चेंडू घालवला ना त्यानं? आता बघ कसं येड्यासारखं मागं पळतंय... पोहोचलं बघ... घेतला काढून! अन् पडलेल्याला हात देऊन उठवतंय वर. असलं पोरगं काय कामाचं?"

"काका, तुम्ही काहून शिव्या देऊन राहिले त्याला?" प्रशांत रडकुंडीला आला. "तब्येत बरी आहे ना? ऊन लागलं का?"

"तुला काय कळतंय त्यातलं? पापड म्हटलं की पापड!" मी फोन ठेवला. माझ्या अभिनयावर मी फारच खूश होतो. केटीनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही, नुसती टाइप करत होती. मी मनात म्हटलं, लिही, टायलरचं स्पेलिंग नीट लिही.

मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये ती माझ्या गाडीला टेकून उभी होती.

"काका," ती म्हणाली, "यू आर अ टेरिबल ॲक्टर."

मी अमेरिकेत इतकी वर्षं काढली, पण गुन्हा पकडला गेल्यावर तोंडातून आपोआप निघतं ते मराठीच. "कोण गं तू?"

ती केतकी निघाली. जन्म इथलाच, डब्लिनचाच. मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र पंचाईत. "माझा आई सांगलीचा आहे," तिनं सांगितलं. "आणि माझे आजोबा गडहिंग्लजचे. आजोबा लिव्हड विथ अस. आम्ही दोघं सगळे मॅच बघायचो टीव्हीवर."

"म्हणजे दोन वर्षं तू माझं ऐकतेयस?"

"काका, अख्ख्या ओहायोला ऐकू जातं. आय जस्ट अंडरस्टूड."

"पण आम्ही संकेत बदलले होते. भाकरीचा पापड केला, भाज्या आणल्या..."

"मला ते फूड काही कळलंच नाही," ती म्हणाली. "पडवळ काय असतं? आय नेव्हर युज्ड दॅट."

"मग कशावरून ओळखलंस?"

केतकी हसली. तिच्या आजोबांची एक सवय होती, तिनं सांगितलं. जो खेळाडू त्यांना आवडायचा नाही त्याला ते 'हा पोरगा' म्हणायचे, 'तो' म्हणायचे. आणि जीव जडला की तो खेळाडू लगेच 'ते पोरगं' व्हायचा. केतकीलाही ते 'माझं पोरगं' म्हणायचे. "तुम्ही पण सेम. तुम्ही भाकरी म्हणा, पापड म्हणा, व्हॉटएव्हर. आवडला की 'ते'. नाही आवडला की 'तो'. आज टायलर पूर्ण वेळ 'हा पोरगा', आणि क्वामेला शिव्या देताना पण 'ते पोरगं', 'पळतंय', 'उठवतंय'. सो आय न्यू."

मी गाडीच्या बॉनेटवर बसलो. कोल्हापूरकडची आमची ही बोलायची रीत, मला स्वतःला तिचा पत्ता नव्हता. जिच्या तोंडून आई पुल्लिंगी होऊन बाहेर पडते, त्या पोरीनं माझं व्याकरण पकडलं होतं. प्रशांतच्या सगळ्या आकड्यांपेक्षा माझा एक अनुस्वार खरा बोलत होता.

"मग आता?" मी विचारलं. "त्याला पण नेणार? ते गेलं तर मला घरी बसवणार आहेत. आणि तसं नसतं तरी... ते पोरगं मला हवंय गं."

ती थोडा वेळ बुटानं खडी उकरत राहिली. "तुमचे आधीचे सगळे आमच्याकडे आहेत," ती म्हणाली. "बेंचवर. आमच्याकडे खूप प्लेअर्स आहेत, त्यांचा नंबरच येत नाही. मला वाईट वाटतं. मी पहिल्यांदा तुमच्या पुढे बसले ना, ते स्काउटिंगसाठी नव्हतं. आजोबा गेले होते आणि तुमचा आवाज अगदी तसा होता. मग ऐकता ऐकता..." तिनं खांदे उडवले. "माझा रिपोर्ट मंडेला जातो. आज सॅटरडे आहे, काका."

मी गाडीत बसायला लागलो तेवढ्यात ती म्हणाली, "अँड काका, मी टॅक्स स्वतः भरत नाही. माझा अकाउंटंट आहे."

मी रॉनला शिडीवरून उतरवला आणि दोघं त्याच्या पिकअपमधून क्वामेच्या मावशीच्या घरी गेलो. ती बाई आमच्यापेक्षा वरचढ होती. फुटबॉल हिवाळ्यात बंद, तेव्हा पोरगा खाणार काय, असा तिनं सरळ प्रश्न टाकला. गोदामाची नोकरी बारमाही होती. शेवटी रॉन म्हणाला, हिवाळ्यात तो माझ्याकडे पन्हळी बसवेल. तेव्हा कुठे मावशीनं चहा दिला. सही पिकअपच्या बॉनेटवर झाली, कारण घरातलं टेबल इस्त्रीच्या कपड्यांनी भरलं होतं.

सही करताना क्वामेनं मला विचारलं, "तुम्ही माझ्याकडे बघून 'पापड' असं ओरडत होता. त्याचा अर्थ काय?"

"फार मजबूत," मी सांगितलं.

त्यानं तो शब्द बुटांवर लिहून घेतला. पुढचं वर्षभर आमच्या ग्राउंडवर लहान मुलं "पा-पड! पा-पड!" असा गजर करत होती. मग एक दिवस टीमला कुणी तरी भारतीय रेस्टॉरंटमध्ये जेवायला नेलं आणि मला क्वामेचा फोन आला. तो बोलत नव्हता, फक्त फोनजवळ धरून काही तरी कुरकुर मोडत होता. मी माफी मागितली. बुटांवरचं नाव मात्र त्यानं पुसलं नाही.

दोन मोसम क्वामे आमच्याकडे खेळला. हिवाळ्यात माझ्या घराच्या पन्हळीही त्यानंच साफ केल्या, आणि सुनंदा त्याला हाक मारून पोटभर भाकरी खायला घालायची, खरीखुरी. असा खेळाडू छोट्या क्लबाकडे टिकत नाही, हे मी दुसऱ्यांना कितीदा तरी समजावून सांगितलेलं आहे. आम्ही शोधायचा, वाढवायचा आणि मोठ्यांना द्यायचा. त्यावरच तर आमचे दिवे पेटतात. दुसऱ्यांना समजावणं सोपं असतं.

केतकी एव्हाना तिच्या क्लबात मोठ्या जागेवर गेली होती. एका सकाळी तिचा फोन आला. "काका, ऑनेस्टली सांगा. आता आमच्याकडे त्या जागेवर कुणी नाही, तो बेंचवर नाही बसणार, मी स्वतः बघते. क्वामे कसा आहे?"

मी घरातच होतो. खिडकीतून खाली ड्राइव्हवे दिसत होता, क्वामे शिडी लावून पन्हळीतली पानं काढत होता. मला कळत होतं की माझ्या एका शब्दावर ती निर्णय घेईल. त्यानं मोठ्या क्लबात जावं असं रॉनला वाटत होतं, मावशीला वाटत होतं, खुद्द क्वामेलाही वाटत होतं. तेवढं मलाच नको होतं. आणि आता मला व्याकरण येत होतं. मी घसा साफ केला आणि एकेक शब्द मोजून टाकला.

"तो ठीक आहे. तो सध्या जरा थकलाय. तो अजून एक वर्ष इथे खेळला तर बरं."

मला वाटलं, जमलं.

"काका," केतकी हळूच म्हणाली, "तुम्ही त्याला कधीच 'तो' म्हणत नाही."

"मग?"

"मग काही नाही. तुम्हाला ते पोरगं सोडवत नाहीये. मी पेपर्स पाठवते."

तिचं 'ते पोरगं' अगदी अचूक होतं, अनुस्वारासकट. फोन ठेवला. सुनंदानं उठून खिडकी उघडली आणि क्वामेला खाली उतरून जेवायला यायला सांगितलं.

त्याच आठवड्यात ते पोरगं गेलं.